यादीत न दिलेलं नाव

मला टीबी झाला होता. बरा झाला. एवढंच सांगायचं असतं तर लिहायची गरज नव्हती, कारण गोळ्या नेमाने घेतल्या की तो बरा होतो हे तुम्हाला कुठलाही डॉक्टर सांगेल. आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, तुझा अनुभव लिही, लोकांना धीर येईल. धीर येण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. पण परमुलखात, चार मराठी घरांच्या ओळखीवर जगताना ज्यांना हा आजार होईल, त्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती माझ्या लाजेची आहे, म्हणून आजवर टाळली.

खोकला

आम्ही ग्लासगोला येऊन दोन वर्षं झाली होती. भारतात फोन करायचा तर दुकानातून फोनकार्ड आणायचं आणि नाण्याने खरवडून नंबर काढायचा, असं आमचं चालायचं. माझा नवरा संजय एका बँकेत सॉफ्टवेअरच्या कामाला, वर्क परमिटवर. मी युनिव्हर्सिटीत इतिहासाची पीएचडी करत होते, आणि विषय होता अमेरिकेची क्रांती. पुण्यात हे कुणालाच झेपत नसे. अमेरिकेचा इतिहास शिकायचाय तर अमेरिकेला जा की, असं मामा दर फोनला म्हणायचा. अरे बाबा, कागद इथे आहेत, असं मी दर फोनला सांगायची.

कागद खरंच इथे होते. ग्लासगोचे व्यापारी तेव्हा व्हर्जिनियातून तंबाखू आणायचे. तिथल्या नदीकाठच्या गावांत त्यांची दुकानं असायची आणि दुकानांवर त्यांचे स्कॉटिश अडते. अशाच एका अडत्याची बायको इझाबेल. तिने ग्लासगोतल्या बहिणीला लिहिलेली पत्रं माझ्या वाट्याला आली होती. मला लढायांत आणि जाहीरनाम्यांत रस नव्हता. क्रांती स्वयंपाकघरात कशी शिरते ते बघायचं होतं, आणि इझाबेल नेमकं तेच लिहायची. राखेचं पाणी आणि चरबी उकळून साबण करताना हात कसे सोलवटतात, मक्याची भाकरी नवऱ्याच्या घशाखाली कशी उतरत नाही, सगळं.

मग हळूहळू त्याच घरगुती गोष्टींचं राजकारण होत जातं. विलायतेहून येणाऱ्या चहावर बहिष्कार पडतो आणि घरोघरी रासबेरीच्या पानांचा काढा सुरू होतो. शेजारणी चरखे घेऊन एकत्र सूत कातायला बसतात आणि कुणाच्या अंगावर विलायती कापड आहे ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. स्वदेशी आपणच शोधून काढली असं मला शाळेपासून वाटत होतं, ते साफ गेलं. गावातल्या पुढाऱ्यांची कमिटी सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरते, आणि सही न करणाऱ्यांची नावं सगळ्यांना दिसतील अशी लावली जातात. इझाबेलने चहाचा डबा मिठाच्या पिंपात पुरून ठेवला होता. हे वाचून मी लायब्ररीत एकटीच हसले होते.

हसता हसता खोकला यायला लागला तो ऑक्टोबरात. इथल्या दमट हवेला कुणाचाही खोकला सहज खपवता येतो. हळद-दूध झालं, आल्याचा रस झाला. जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, दोनदा अँटिबायोटिक्स दिली. जीन्स कमरेवर राहीना तेव्हा मला उलट बरंच वाटलं, म्हटलं चला, बारीक झालो.

त्याच दिवसांत माझ्याकडे आठवड्यातून दोन दुपारी सई असायची. सई म्हणजे सुजाताची मुलगी, पाच महिन्यांची. सुजाता आणि तिचा नवरा नितीन आमच्याच रस्त्यावर राहायचे, दोन इमारती सोडून. ग्लासगोत मला जीव लावणारं माणूस एकच, ते म्हणजे सुजाता. मॅटर्निटी लीव्ह संपली तशी ती कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, नोकरीवर परत गेली. पुण्यातल्या सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. नर्सरीत तीनच दिवस जागा मिळाली, म्हणून उरलेल्या दोन दुपारी मी घेतल्या. सई पाळण्यात झोपायची नाही, छातीवर घेतलं की झोपायची. मी सोफ्यावर पडून एका हाताने तिला थोपटायची आणि दुसऱ्या हातात इझाबेलच्या पत्रांच्या झेरॉक्स धरायची. खोकला आला की तोंड बाजूला करायची. तेवढी काळजी मी घेत होते.

आणखी एक धागा इथेच सांगते. माझी धाकटी बहीण पल्लवी आणि नितीनचा पुण्यातला धाकटा भाऊ अमेय यांचं जमत आलं होतं. स्थळ सुजातानेच सुचवलेलं. डिसेंबरात साखरपुडा ठरला होता.

निदान

एका सकाळी बेसिनमध्ये थुंकले तर लाल. संजयने टॅक्सी बोलावली, एक्स-रे झाला, आणि दुपारपर्यंत मी एका वेगळ्या खोलीत होते. दारावर पिवळा कागद, आत येणारा प्रत्येकजण मास्क लावून.

तरुण डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला टीबी होता का. मी ठामपणे नाही म्हणाले. कुणाबरोबर राहिलात, कुणाला जुना खोकला होता का, असं त्याने पुन्हा विचारलं. माझी आत्या आमच्या घरात वारली, ती सतत खोकायची, पण तिला दमा होता. तिचं ताट-वाटी वेगळी असायची आणि ती मागच्या खोलीत झोपायची. दम्याच्या माणसाचं ताट वेगळं का, हा प्रश्न इतिहासात पीएचडी करणाऱ्या बाईला एकतीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

संध्याकाळी निदान पक्कं झालं. मी रडले नाही, मला राग आला. टीबी गरिबांना होतो, अंधाऱ्या खोल्यांतल्या लोकांना होतो, असं मला वाटायचं, आणि मी तर सफरचंदं खाणारी बाई. हा माज लिहून ठेवते, कारण तो पुढे उपयोगी पडला. लपवायला माज लागतो.

दिवस गोळ्यांनी सुरू व्हायचा. पहाटे उपाशीपोटी मूठभर, मग मळमळ, मग गार टोस्ट. लघवी केशरी व्हायची. नर्सने आधी सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी मी किंचाळलेच. खिडकीतून कार पार्क दिसायचा. कुणाची गाडी कुठे लागते हे मला पाठ झालं होतं. संजय ऑफिसमधून थेट यायचा, डब्यात वरण-भात आणायचा आणि मास्कच्या वरून नुसते डोळे दाखवत बसायचा. चहा देणारी बाई मात्र रोज दोन बिस्किटं जास्त ठेवायची आणि काही बोलायची नाही. त्या दोन बिस्किटांचा मला केवढा आधार होता.

मॉरीनची वही

दुसऱ्या दिवशी मॉरीन आली. टीबीची नर्स, पन्नाशीची, बुटकी, हातात साधी वही. तिला माझ्याबरोबर वेळ घालवलेल्या प्रत्येकाचं नाव हवं होतं. घरातले, ऑफिसातले, मैत्रिणी. आम्ही त्यांना तपासणीला बोलावतो, तुझं नाव सांगत नाही, असं ती म्हणाली. लहान मुलं असली तर आधी सांग, असंही तिने वेगळं सांगितलं. पाच वर्षांच्या आतली, त्यातही तान्ही, कारण त्यांच्यात हा आजार मेंदूपर्यंत फार लवकर जातो. हे तिने मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मी संजयचं नाव दिलं. युनिव्हर्सिटीतल्या खोलीतल्या दोघांचं दिलं. मग दम लागल्याचं सोंग केलं आणि म्हटलं, बाकीची उद्या देते.

त्याचं कारण असं की तुझं नाव सांगत नाही, हे मॉरीनच्या जगात खरं असेल. मी हॉस्पिटलात आहे हे सुजाताला ठाऊक होतं, न्यूमोनिया म्हणून. तिला टीबीच्या तपासणीचं पत्र गेलं की तिला दोन मिनिटं पुरली असती. तिथून नितीन, नितीनकडून पुणं, आणि पुण्यात पल्लवीचं होणारं सासर.

संजय म्हणाला, हा विचार तरी कसा करू शकतेस, मी आजच नितीनला सांगतो. मी त्याला माझी शपथ घातली. हसू नका. तो देव न मानणारा माणूस, घरात गणपतीही माझ्यासाठी बसवतो. पण बायको ऑक्सिजनची नळी लावून, हाडांचा सापळा होऊन समोर पडलेली, आणि म्हणतेय की सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याने मान खाली घातली. ती शपथ त्याने पाळली आणि त्यासाठी मला आजतागायत माफ केलेलं नाही.

संजयने माझ्या माहेरी कळवलं होतं, तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. आधी आई रडली. मग म्हणाली, तुझ्या आत्याची दोन स्थळं कशी मोडली ते मी डोळ्यांनी बघितलंय. मी म्हटलं, दम्याने? आई म्हणाली, दमा कसला गं. तेवढ्या तीन शब्दांत माझ्या घराण्याचा खरा इतिहास मला कळला. मग पल्लवीने फोन घेतला.

"ताई, मला अमेय हवाय. त्यांच्या घरी कळलं तर संपलं सगळं. साखरपुडा होईपर्यंत गप्प बस ना. तीनच आठवडे. माझ्यासाठी."

मी बरं म्हणाले.

मॉरीनने आठवडाभरात दुसऱ्यांदा विचारलं, लहान मुलं कुणी? मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हणाले. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि माझं पांघरूण नीट केलं.

हॅना

गप्प बसायला मला बौद्धिक आधारही होता, हे सांगायला हवं. त्याच उन्हाळ्यात मी एका परिषदेत इझाबेलवर निबंध वाचला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. त्या गावात तेव्हा देवीची साथ होती. काही सुखवस्तू लोक, बरेचसे स्कॉटिश, आपल्या मुलांना गुपचूप देवीच्या फोडातला पू टोचून घेत, सौम्य देवी येऊन जावी म्हणून. बाकी गाव त्यामुळे पेटून उठायचं, कारण टोचलेल्या मुलांमुळे साथ पसरते अशी भीती होती. जमाव डॉक्टरच्या घरावर चालून जायचा, दगड मारायचा. राजाच्या बाजूचे कोण आणि विरुद्ध कोण, हे भांडणही त्यातच मिसळलेलं. इझाबेलने दोन्ही मुलांना टोचून आणलं, मागच्या खोलीत ठेवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेजारणी आल्या तर दारातच बोलून परत पाठवल्या. एका अडाणी, हिंसक जमावापुढे एकट्या बाईने निवडलेलं मौन, असं मी त्याला म्हटलं होतं. जगण्याची रणनीती. माझ्या गाईड मला म्हणाल्या होत्या की हे प्रकरण तुझं सर्वांत उत्तम आहे.

हॉस्पिटलात वेळ जात नव्हता म्हणून संजयकडून मी त्याच झेरॉक्स मागवल्या. मुलं बरी झाल्यानंतरचं एक पत्र होतं. नव्या पडद्यांबद्दल, कमिटीने दुकानात येऊन कोठार उघडून बघितलं त्याबद्दल, मिठाच्या पिंपातल्या डब्याला वास लागला त्याबद्दल. आणि मध्येच अर्ध्या ओळीत लिहिलंय की कपडे धुणारी हॅना देवीने गेली, दुसरी मिळेपर्यंत धुणं साचून राहिलंय.

हॅना शेजाऱ्यांची गुलाम. आठवड्यातून दोनदा इझाबेलकडे धुण्याला यायची. टोचलेल्या मुलाकडूनही देवी लागते. त्या मुलांच्या चादरी तिनेच धुतल्या. तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगितलं तर शेजारच्या घरी कळलं असतं. जमाव ज्या भीतीने दगड मारत होता, ती भीती खोटी नव्हती. ते पत्र मी दोन वर्षांत निदान वीस वेळा वाचलं होतं. पडद्यांवर टीप लिहिली होती, पिंपावर लिहिली होती. हॅनावर एक शब्द नव्हता.

तुम्हाला वाटेल, मग मी ताबडतोब मॉरीनला बोलावलं असेल. नाही बोलावलं. झेरॉक्स उशीखाली सरकवल्या, आणि साखरपुड्याला किती दिवस राहिले ते मोजले. अकरा.

ताप

हा भाग लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

निदानानंतर बाराव्या दिवशी सुजाताचा मोबाइलवर फोन आला. माझी चौकशी केली, सूप पाठवू का म्हणाली. मग म्हणाली, सईला चार दिवस ताप आहे, दूध ओकतेय, नुसती पडून राहते. जीपी व्हायरल म्हणतोय. सांगून टाकावं असं वाटलं, अगदी ओठांवर आलं. आणि मी म्हणाले, "इथे सगळ्यांनाच काहीतरी व्हायरल चाललंय गं. होईल बरी."

फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. स्वतःला सांगत राहिले की बाळांना ताप येतातच.

दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांनी मला घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात शनिवारी पुण्यात साखरपुडा झाला. आईने फोन मांडवात धरला, मला सनई ऐकवली. रविवारी सकाळी नितीनचा संजयला फोन आला, सईला झटके आले आणि तिला मुलांच्या हॉस्पिटलात नेलंय. संजयने फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं. मॉरीनचं कार्ड फ्रिजवर लावलेलं होतं, ते काढून माझ्या हातात दिलं.

रविवार असून मॉरीनने फोन उचलला. मी सांगितलं. तिने फक्त सईची जन्मतारीख आणि हॉस्पिटल विचारलं. ती मला रागावली नाही. रागवायला तिला वेळच नव्हता.

नंतर कळलं की तिथल्या डॉक्टरांनी सुजाताला आदल्या रात्रीच विचारलं होतं, टीबीच्या कुणाशी संबंध आलाय का. ती नाही म्हणाली होती, आणि ते तिच्यापुरतं खरं होतं. सईची बीसीजीची लस सर्दीमुळे एकदा पुढे गेली आणि मग राहूनच गेली होती. मॉरीनच्या फोननंतर तासाभरात औषधं सुरू झाली. सई वाचली. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, आणि चालायला ती फार उशिरा लागली. आठवडाभर आधी औषधं सुरू झाली असती तर काय झालं असतं, असं मी कन्सल्टंटना माझ्या तपासणीच्या वेळी विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. भला माणूस होता.

चहा

सुजाताने आमच्याशी भांडण केलं नाही. फोन बंद झाले, एवढंच. मे महिन्यात पुण्यात लग्न झालं. माझ्या गोळ्या चालू होत्या म्हणून मी गेले नाही, सई आजारी म्हणून ती गेली नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांतून आम्ही दोघी त्या लग्नाला गैरहजर होतो.

माझा कोर्स संपला, डॉक्टरांनी हात मिळवून अभिनंदन केलं. त्या संध्याकाळी मी तिच्या दाराशी गेले. वाटलं होतं तोंडावर दार लावेल. तिने आत घेतलं, चहा टाकला. सई गालिच्यावर बसून डब्यांची झाकणं लावत होती. मी माफी मागायला लागले तर सुजाता म्हणाली, ते राहू दे, मला सगळं तारीखवार कळलंय. मग शांतपणे म्हणाली,

"मी पुण्यात काही सांगितलेलं नाही. नितीनलाही सांगू दिलं नाही. मेंदूज्वर झाला एवढंच त्यांना माहीत आहे."

का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"पल्लवी त्या घरात नवीन आहे. तिला कशाला त्रास? सासूबाई म्हणतात, मी नोकरीपायी पोरीकडे बघितलं नाही म्हणून झालं. दर रविवारी म्हणतात. म्हणू देत."

चहा संपवून मी उठले. तिने कप विसळून कढत पाण्यात घातला. ती सवय तिला आमच्यामुळेच लागली असणार, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

काकू

त्या रविवारांनी माझी झोप उडवली. कित्येक महिने मी स्वतःला समजावत राहिले की आता सांगून काय उपयोग. पुढच्या डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा पल्लवीच्या सासरी जेवायला बोलावणं होतं. जेवणं झाली. काकू, म्हणजे पल्लवीच्या आणि सुजाताच्या सासूबाई, बडीशेप पुढे करत म्हणाल्या की थोरलीला करिअर महत्त्वाचं, पोरीचा कान गेला तरी नोकरी सुटली नाही. मी म्हटलं, काकू, सईला ते माझ्याकडून लागलं. मला टीबी होता. सुजाताला मी सांगितलं नाही, कारण साखरपुडा मोडेल अशी भीती होती.

पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काकूंनी हातातली डबी खाली ठेवली. मग त्यांनी एकच विचारलं, "पल्लवीला ठाऊक होतं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. त्या शब्दात मी तरबेज होते.

"हो," मी म्हणाले.

काकू उठल्या आणि त्यांनी ग्लासगोला फोन लावला. मी तुला फार बोलले गं सुजाता, एवढं मला ऐकू आलं, पुढचं नाही. अमेय खाली मान घालून बसला होता. पल्लवी मला सोडायला जिन्यापर्यंतही आली नाही. ती त्याच घरात नांदतेय. मला फोन करत नाही. आई म्हणते, दोन्हीकडून तूच घर जाळलंस. आईशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नाही.

परत आल्यावर वाटलं होतं की निदान सुजाताचं मन हलकं झालं असेल. तिने मला रस्त्यात गाठलं.

"तुला मोकळं व्हायचं होतं, झालीस. आता दर रविवारी सासूबाई मला सोडून पल्लवीला बोलतात. आणि ती मला फोन करून रडते."

पीएचडी मी पूर्ण केली. इझाबेलचं प्रकरण नव्याने लिहिलं, हॅनाच्या बाजूने. गाईड म्हणाल्या, पुरावा फार थोडा आहे, अर्धीच ओळ. मी ते तसंच ठेवलं आणि वाद झाला तेव्हा हट्ट सोडला नाही. त्याने हॅनाला काही फरक पडला नाही, हे मलाही कळतं.

ज्यांना हा आजार झालाय आणि जे हे वाचतायत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गोळ्या एकही न चुकवता घ्या, उपाशीपोटी मळमळेल, ते सोसा. आणि नर्स वही घेऊन येईल तेव्हा सगळी नावं द्या. जे नाव द्यायला जीभ रेटत नाही ते आधी द्या. पल्लवीचं लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं. वर्षभराने दुसरं जमलं असतं. तिलाही आज ते कळतं, असं आई म्हणते.

यंदाच्या गणपतीला मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. आरती संपून जेवणाची गडबड चालली होती. सुजाताने हॉलच्या त्या टोकाहून सईला हाक मारली. सई आता चार वर्षांची आहे. हाक कुठून आली ते तिला एका कानाने कळत नाही. ती नेमकी उलट दिशेला वळली, आणि त्या बाजूला मी उभी होते. ती पळत माझ्याकडे आली, तोंड वर करून म्हणाली, "मावशी, तू मला बोलवला?"

नाही गं, आईने बोलावलं, असं मी म्हणाले. तिला खांद्यांना धरून वळवलं आणि सुजाताकडे पाठवलं.